गळ्यातले अवधाण : मुखाचा कर्करोग आणि रोगप्रतिकारशक्तीच्या शोधाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे त्यांचे नाव मागच्या फलकावर आहेच. मी मात्र त्यांना गुरुजीच म्हणणार. साठ वर्षांपूर्वी ह्या शाळेच्या सतरंजीवर बसलेल्या कोणालाही त्यांचे दुसरे नाव चटकन आठवणार नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा बहमनी राजवटीवर किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामावर मी बोलावे, अशी अपेक्षा होती. मी विषय बदलून मागितला. गुरुजी ज्या आजाराने गेले त्याविषयी आपल्या भागात एक वाक्य आजही सहज बोलले जाते. ‘अंगात शक्तीच उरली नव्हती, म्हणून रोगाने गाठले.’ गुरुजींच्या दहाव्याच्या दिवशी ते मी प्रथम ऐकले आणि त्यानंतर किमान वीस घरांत ऐकले. ह्या वाक्यात रोग्यावर एक आरोप आहे, आणि त्याहून अधिक त्याच्या घरच्या बाईवर आहे. तो आरोप खरा आहे काय, हा माझ्या आजच्या निबंधाचा प्रश्न आहे.

गुरुजी विज्ञान आणि इतिहास असे दोन्ही विषय शिकवीत. एक शिक्षक रजेवर गेला म्हणून हे घडले आणि पुढे तसेच राहिले. त्याचा परिणाम असा, की आमच्या डोक्यात दोन्ही विषय एकमेकांत मिसळले. सातवीत असताना त्यांनी आम्हाला बीदरचा किल्ला दाखवायला नेले होते. खडकात खोदलेला तिहेरी खंदक दाखवीत ते म्हणाले, ही कातडी. दरवाजावरची शिबंदी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रात्री दरवाजा उघडायचा तर परवलीचा शब्द सांगावा लागे. तो ज्याला ठाऊक नाही तो परका. मग त्यांनी १६५७ चा वेढा सांगितला. औरंगजेबाच्या फौजेपुढे सिद्दी मर्जानने सत्तावीस दिवस किल्ला लढवला. बुरुजाजवळच्या दारूच्या साठ्याला आग लागली, किल्लेदार होरपळला आणि किल्ला पडला. म्हणजे भिंती जाग्यावर होत्या, शिबंदीही होती. ‘किल्ला पडला एवढ्यावरून शिबंदी नव्हती असे लिहू नका,’ असे ते उत्तरपत्रिका तपासताना म्हणत. त्या वाक्याचा उपयोग पुढे मला कोठे होणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसावे.

गुरुजींना तंबाखू-चुन्याची सवय होती. मधल्या सुटीत ते डाव्या गालात चिमूट ठेवीत आणि तास सुरू होण्यापूर्वी चूळ भरून येत. १९७९ च्या पावसाळ्यात त्या गालात आतून एक छाला उठला. दात लागला असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. दिवाळीच्या सुमारास जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. ‘अवधाण आले आहे, दाढ किडली असेल,’ असे ते स्वतःच म्हणाले. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, हातावर केस्तूड झाले की काखेत येते, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला माहीत असते. गालातल्या जखमेचे अवधाण गळ्यात येणार, हा तर्क चुकीचा नव्हता. त्यानंतर चार महिने शक्ती वाढवण्याचे उपाय झाले. शेजारच्या तालुक्यातील एका वैदूचे काढे, खारीक-खोबरे, बकरीचे दूध. काकूंनी स्वतःच्या हातातल्या पाटल्या त्यासाठी मोडल्या. पुढे सोलापूर, तेथून रात्रीच्या गाडीने मुंबई, आणि परळ. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सोबत मीच गेलो. तेथील डॉक्टरांनी गाठ चाचपून शांतपणे सांगितले, की हे अवधाण नव्हे, रोगच खाली उतरला आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. १९८१ च्या श्रावणात गुरुजी गेले.

आता इतिहासाकडे वळतो. तोही बराचसा परळलाच घडला आहे.

शरीर परक्याला ओळखते आणि त्याच्याशी झुंजते, ही कल्पना शास्त्ररूपाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्यांनी सूक्ष्मजंतू गिळून टाकणाऱ्या पेशी दाखवल्या. त्यांचा ओडेसातील विद्यार्थी वॉल्देमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईस आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः तयार केलेली लस त्याने आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या लाटवाड्यात गेली. तीच आजची हाफकिन संस्था. बाहेरून येणाऱ्या शत्रूविरुद्ध शरीराला सज्ज करता येते, हे मुंबईने असे डोळ्यांनी पाहिले. पण कर्करोग बाहेरून येत नाही. तो आपल्याच पेशींचा असतो. मग शिबंदीने त्याला ओळखावे तरी कसे?

ह्या प्रश्नाला पहिले अनपेक्षित उत्तर मिळाले ते मानेतल्याच गाठींवरून. न्यूयॉर्कचा तरुण शल्यविशारद विल्यम कोली ह्याची एक अल्पवयीन रुग्ण १८९१ च्या आरंभी हाताच्या सार्कोमाने दगावली. अस्वस्थ होऊन त्याने रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली. त्यांत एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्याच्या मानेतली गाठ पुनःपुन्हा उलटली होती. शेवटी त्याला धावरे झाले, ताप चढला, आणि गाठ विरघळली. कोलीने त्या माणसाला वस्त्या धुंडाळून शोधून काढले. तो धडधाकट होता. मग त्याच वर्षी मान आणि टॉन्सिलमधील असाध्य गाठ असलेल्या एका इटालियन रोग्याला कोलीने मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचले. काही महिन्यांच्या खटपटीनंतर त्याला जोराचे धावरे झाले, गाठ फुटून वाहून गेली आणि तो माणूस पुढे सुमारे आठ वर्षे जगला. ह्या गाठी मुखाच्या नेहमीच्या कर्करोगाहून वेगळ्या जातीच्या होत्या, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. कोलीचे प्रयोग पुनःपुन्हा तसेच यशस्वी होत ना. त्यातच १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. १९३६ मध्ये कोली वारला तेव्हा त्याची पद्धत जवळजवळ टाकून दिलेली होती. मधल्या काळात, १९०९ मध्ये, पाउल एर्लिख ह्यांनी असे मत मांडले होते, की शरीरात बिघडलेल्या पेशी वरचेवर निर्माण होत असाव्यात आणि प्रतिकारव्यवस्था त्यांना वेळीच निपटून काढीत असावी. पुराव्याअभावी ते मत दीर्घकाळ पडून राहिले.

आपल्या देशात ह्या रोगाचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा खानोलकरांकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. कोणत्या समाजातला माणूस तंबाखू कोठे ठेवतो, पान कसे खातो, आणि रोग तोंडाच्या नेमक्या कोणत्या भागात उद्‌भवतो, ह्यांची सांगड त्यांनी बारकाईने घातली. गुरुजींचा डावा गाल मला त्या लेखाचा एक हजार एकावा रोगी वाटतो. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. रोग कशाने होतो हे त्यामुळे कळले. शरीर त्याचे काय करते, हे कळायला आणखी वेळ लागणार होता.

आणि येथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते. काकूंच्या शेजारणी जे बोलत होत्या, तेच त्या काळी शास्त्रही बोलत होते. डिनायट्रोक्लोरोबेंझीन नावाचे एक रसायन आहे. ते त्वचेला एकदा लावले आणि काही दिवसांनी पुन्हा लावले, की निरोगी माणसाची त्वचा लाल होऊन सुजते. म्हणजे शिबंदीने परका लक्षात ठेवला. १९७४ साली आयल्बर, मॉर्टन आणि केचम ह्या अमेरिकन शल्यविशारदांनी डोके व मान ह्या भागांतील कर्करोगाच्या रोग्यांवर ही कसोटी पाहिली. अनेकांची त्वचा लाल झालीच नाही. निष्कर्ष सोपा निघाला: ह्यांची प्रतिकारशक्ती मंदावलेली आहे. मग ती चाळवण्यासाठी क्षयाची बी.सी.जी. लस आणि जंतावरचे लेव्हामिसोल हे औषधसुद्धा वापरून पाहिले गेले. ह्या रोगात त्यांचा टिकाऊ उपयोग दिसला नाही. रोग्याला जखमेमुळे गिळता येत नाही, त्याचे पोषण घटलेले असते, पुष्कळदा दारू-तंबाखूचे दीर्घ व्यसन असते. ह्या सगळ्यांचाही परिणाम त्या त्वचेवर होत असतो. कसोटी खोटी नव्हती. मात्र ती मनगटावर घेतली जात होती आणि लढाई गालात चालली होती.

गालातून कापून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना एक दृश्य नेहमी दिसे. गाठीच्या कडेने आणि कित्येकदा गाठीच्या आतही लसिकापेशींची दाटी असे. म्हणजे शिबंदी जागेवर हजर होती. प्रश्न होता तो ती लढत का नाही हा. पिट्सबर्गच्या टेरेसा व्हाइटसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मुखकर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या लसिकापेशींमध्ये, संदेश आत पोचविणारी ‘झीटा’ नावाची साखळीच क्षीण झालेली असते. पेशी शत्रूला शिवते, पण हुकूम आत जात नाही. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर ह्यांच्या गटाने १९९९ मध्ये ह्याची दुसरी बाजू प्रसिद्ध केली. ‘गॅमा-डेल्टा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लसिकापेशी मुखकर्करोगाच्या पेशींवरील एक विशिष्ट प्रथिन हेरून त्यांना ओळखू शकतात, असे त्यात दिसून आले. गुरुजींना जेथे नेले होते त्याच आवारात, ते गेल्यानंतर अठरा वर्षांनी, हे काम झाले.

अडवणूक नेमकी कशी होते, ह्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर जपानमधून आले. क्योटोच्या तासुकू होंजो ह्यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये ‘पीडी-१’ ह्या प्रथिनाचा शोध लागला. लसिकापेशीच्या अंगावर असलेला हा एक लगाम आहे. तो निसर्गाने उगाच दिलेला नाही. लढाई संपल्यावर शिबंदी थांबली नाही, तर ती आपल्याच गावाची राखरांगोळी करील. म्हणून निरोगी पेशी एक खूण दाखवतात आणि शिपाई हत्यार खाली ठेवतो. कर्करोगाच्या कित्येक पेशी हीच खूण चोरतात. गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर शत्रूला परवलीचा शब्द कळलेला असतो. दरवाजावरचा पहारेकरी झोपलेला नसतो की उपाशी नसतो. तो शब्द ऐकून बाजूला होतो. अमेरिकेत जेम्स ॲलिसन ह्यांनी असाच दुसरा लगाम सैल करून उंदरांतील गाठी नाहीशा होतात, हे १९९६ मध्ये दाखवले होते. २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना मिळाले.

आता गळ्यातल्या गाठीकडे परत येतो, कारण ह्या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग तेथे आहे. शरीरातील लसिकाग्रंथींपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या मानेत आणि डोक्यात आहेत. गालातल्या जखमेची वर्दी तेथे पोचते, तेथे लसिकापेशींची पैदास होते, म्हणून गाठ फुगते. आपले अवधाण ते हेच. परंतु ज्या वाटेने वर्दी जाते त्याच वाटेने कर्करोगाच्या पेशीही उतरतात. क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल ह्यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की मानेतल्या सगळ्या ग्रंथी एकत्रितपणे काढून टाकाव्यात. पुढे साठ वर्षांनी, स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात, त्यांच्याच मुलाने उलट शंका घेतली: निरोगी ग्रंथी काढून आपण शरीराची ठाणीच तर उठवीत नाही ना? बापाने ठाणी उठवली आणि मुलाने ती राखावीत म्हटले, असा हा घरातलाच वाद.

मुखकर्करोगापुरता त्याचा निवाडा पुन्हा परळलाच झाला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ ह्या काळात आरंभीच्या अवस्थेतील ५९६ रोग्यांची नोंद केली. अर्ध्यांच्या मानेतल्या ग्रंथी, वरून काही दिसत नसतानाही, पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या. उरलेल्यांच्या, गाठ दिसल्यावर काढल्या. पहिल्या पाचशे रोग्यांच्या हिशेबात तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्यातील ६७.५ टक्के हयात होते. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर जगभरची पद्धत त्याप्रमाणे स्थिरावली. थोरल्या क्राइलचा विजय झाला असे म्हणावे, तर २०२५ मध्ये ७१४ रोग्यांवरील एका आंतरराष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की लगाम सोडवणारे औषध शस्त्रक्रियेच्या आधीपासून, म्हणजे ग्रंथी जागेवर असतानाच, सुरू केले तर रोग उलटण्यापूर्वीचा काळ लांबतो. धाकट्या क्राइलच्या शंकेतही काही तथ्य होते, असे मला त्यावरून वाटते. ठाण्यातून आधी कुमक पाठवा आणि मग ठाणे उठवा, असा हा मधला मार्ग दिसतो.

ही औषधे डोके-मानेच्या कर्करोगात २०१६ पासून वापरात आली. त्या वर्षीच्या पाहणीत, पहिले उपचार हरल्यावर निव्होलुमॅब दिलेल्यांपैकी ३६ टक्के रोगी वर्षभराने हयात होते. जुन्या औषधांवर १६.६ टक्के. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बहुसंख्यांत लगाम सोडूनही शिबंदी उठत नाही, आणि काहींत ती उठून स्वतःच्याच फुफ्फुसावर, आतड्यावर धावते. शिवाय ह्या औषधाची किंमत अशी, की औरादच्या कोरडवाहू शेतकऱ्याने वावर विकले तरी ते पुरे वर्ष घेता यावयाचे नाही.

तेव्हा परळच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न केला: इतके औषध खरोखर लागते काय? नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले, आणि जोडीला तोंडाने घ्यायची तीन जुनी औषधे ठेवली. १५१ रोग्यांत केवळ तोंडावाटे औषधे घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के, तर ही अल्प मात्रा मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के एक वर्षानंतर हयात होते. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. साडेतीन महिने म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. मी गुरुजींच्या शेवटच्या साडेतीन महिन्यांत त्यांच्याजवळ होतो. त्या अवधीत त्यांनी धाकट्या मुलीचे लग्न ठरवले.

आपल्या भागाविषयी थोडे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले आणि भालकी, औराद, आळंद अलीकडे राहिले. पण आजारी माणूस राज्याची सीमा पाहून चालत नाही. त्याला कधी सोलापूर जवळचे, कधी लातूर. आज कलबुर्गीस बंगळूरच्या किदवई संस्थेचे उपकेंद्र आहे, बार्शीस कर्करोग रुग्णालय आहे, आणि त्याच बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. खेड्यातल्या माणसाचा कर्करोग मोजण्याची सुरुवात आपल्या इतक्या जवळ झाली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी घातली, कर्नाटकाने मे २०१३ मध्ये. मधल्या काळात पलीकडे निषिद्ध झालेली पुडी आपल्याकडे टपरीवर उघड टांगलेली असे, आणि पलीकडची पोरे मोटारसायकलीवरून ती न्यायला येत. बंदीनंतरही पुडी दिसते, ते मी काय सांगू!

सुपारीचा धोका तंबाखूच्या सावलीत झाकला जातो म्हणून वेगळा सांगतो. सुपारी चघळणाऱ्याच्या गालाचे अस्तर हळूहळू चामड्यासारखे ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. १९५२-५३ च्या सुमारास नैरोबीतील भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्‌झ ह्यांनी आणि मुंबईत डॉ. जोशी ह्यांनी हा विकार वर्णिला. ती सूज वर्षानुवर्षे चालते. शिबंदी रोज बोलावली जाते आणि रोज तिची हत्यारे आपल्याच भिंतीवर चालतात. बीदरच्या बुरुजाजवळच्या दारूची आठवण मला येथे होते. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. गेल्या वर्षी मी ह्याच शाळेच्या दहावीच्या वर्गात मुलांना ती घालून पाहायला सांगितली. दोघांची दोनच गेली. मुख्याध्यापकांनी त्यांच्या पालकांना बोलावून घेतले, आणि तेव्हापासून दर सत्रात प्रत्येक वर्गाची अशी तपासणी होते.

मागच्या दिवाळीत मी काकूंना भेटायला गेलो होतो. त्या नव्वदी ओलांडलेल्या आहेत. ऐकू कमी येते, पण स्मरण तल्लख आहे. मी त्यांना हा सगळा इतिहास माझ्या परीने सांगितला. त्या काळच्या खाण्यापिण्याची त्यांना खंत आहे, हे मला माहीत होते. रोग्याला अन्न लागतेच, उपचार सोसायला लागते. पण खारीक कमी पडली म्हणून गाठ वाढली असे नव्हे, आणि खारीक खाऊन ती विरघळलीही नसती, हे मी दोनदा मोठ्याने सांगितले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग विचारले, ‘म्हणजे ते शिपाई होते तिथे?’

‘होते, काकू.’

‘हे तू तेव्हा का सांगितलं नाहीस रे?’

तेव्हा हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते, असे मी म्हणालो. ते खरेच आहे. परंतु त्या चार महिन्यांत, गळ्यातली गाठ रोज पाहत असूनही, मी गुरुजींना गाडीत बसवले नाही, हेही तितकेच खरे आहे. ते मी त्यांना सांगू शकलो नाही, म्हणून आज येथे सांगितले.